तिसऱ्यांदा तेच दुखणे

घरातल्या महागड्या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स, वातानुकूलन यांची नावे मालकाला ठाऊक असतात. गाडीच्या पोटाखाली, गिअरबॉक्सच्या पाठीला जोडलेली ट्रान्सफर केस नावाची एक ॲल्युमिनियमची पेटी मात्र बहुतेकांना प्रथम भेटते ती थेट दुरुस्तीच्या अंदाजपत्रकावर, आणि तीही काही लाखांच्या आकड्यासह. एकदा भेटली तर माणूस नशिबाला बोल लावून पैसे भरतो. दोन-तीन वर्षांत तीच पेटी दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा बिघडली, की मालकाचा गाडीवरचा, कंपनीवरचा आणि गाडी घेण्याचा आग्रह धरणाऱ्या मुलावरचा विश्वास एकाच वेळी डळमळतो. चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या आलिशान गाड्या आता जिल्ह्याच्या गावांतील पेढ्यांसमोरही उभ्या असतात. त्यामुळे हे दुखणे केवळ महानगरांचे राहिलेले नाही.

या पेटीचे काम सांगायला सोपे आहे. इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून बाहेर पडली की ती पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून द्यायची. वाटणीची रीत मात्र गाडीगणिक वेगळी असते. ‘बीएमडब्ल्यू’ने 2003 साली एक्स-थ्री आणि एक्स-फाइव्ह या गाड्यांत आणलेल्या एक्स-ड्राइव्ह रचनेत मागच्या चाकांना शक्ती थेट जाते. पुढच्या चाकांचा वाटा एकावर एक रचलेल्या अनेक चकत्यांच्या क्लचमधून जातो. एक लहान विद्युत मोटर या चकत्या दाबते किंवा सैल सोडते. सर्वसाधारण स्थितीत मागे साठ आणि पुढे चाळीस टक्के असा वाटा असतो. रस्ता निसरडा झाला, एखादे चाक फिरू लागले, की संगणकाच्या हुकमावरून ती मोटर क्षणार्धात वाटणी बदलते. चकत्यांपासून पुढच्या शाफ्टपर्यंत शक्ती नेण्यासाठी या उंच गाड्यांत जाड साखळी असते. म्हणजे पेटीत झिजणाऱ्या वस्तू मुख्यतः चार: चकत्या, साखळी, बेअरिंगे आणि मोटरीतले छोटे चक्र. आणि या सगळ्यांना सांभाळणारे तेल असते जेमतेम लिटरभर, पुष्कळदा त्याहूनही कमी.

चकत्यांचा क्लच थोडा घसरण्यासाठीच बनवलेला असतो. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळात धावतात, त्यांच्या फेऱ्या अधिक होतात आणि तो फरक चकत्या आपापसांत घसरून सोसतात. वळण संपते, घसरणही संपते. पण सरळ, कोरड्या, सपाट महामार्गावरही पुढच्या आणि मागच्या चाकांचा वेग जुळत नसेल, तर हे घसरणे गाडी चालू आहे तोवर थांबतच नाही. चकत्या तापतात, तेल करपते, मोटर सतत दुरुस्ती करत राहते. अशा गाडीत पेटी कितीही नवी बसवली तरी ती त्याच वाटेने जाते.

सरळ रस्त्यावर वेग जुळत नाही याचे सर्वांत सामान्य कारण टायर. 255/50 आर 19 या मापाच्या नव्या टायरचा व्यास सुमारे 738 मि.मी. आणि परिघ सुमारे 2,317 मि.मी. भरतो. नव्या टायरची नक्षी 8 मि.मी. खोल आहे आणि झिजलेल्याची 3 मि.मी. उरली आहे असे धरले, तर त्रिज्येत 5 मि.मी.चा आणि परिघात 31 मि.मी.हून थोडा अधिक फरक पडतो. टक्केवारीत हा फरक दीडच्याही आत आहे, म्हणून तो कोणाच्या खिजगणतीत नसतो. मात्र त्यामुळे झिजलेले चाक दर किलोमीटरला सुमारे सहा फेऱ्या जास्त घेते. पावणेचारशे किलोमीटरच्या प्रवासात त्या दोन हजारांच्या पुढे जातात. शाफ्ट चाकापेक्षा सुमारे तीनपट वेगाने फिरतो हे लक्षात घेतले, तर एका प्रवासात चकत्यांवर सहा हजारांहून अधिक नाहक घसरणीच्या फेऱ्या पडतात. हा कागदावरचा हिशेब आहे. भार, हवेचा दाब, वेग यांनी तो थोडा इकडे-तिकडे होईल. पण शेकडा सव्वा टक्का व्याज वर्षभर चढत राहिले तर काय होते हे आडत दुकानात बसणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

सांगलीच्या एका हळद-व्यापारी घराण्यात नेमके हेच घडले. 2019 मध्ये पेढीच्या नावावर जर्मन बनावटीची एक नवी गाडी आली. तिसऱ्या वर्षी गाडी वळवताना खालून गचके बसू लागले. स्टिअरिंग पूर्ण वळवून पेढीच्या आवारातून बाहेर काढताना कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी ती अडखळे. अधिकृत सर्व्हिस सेंटरने ट्रान्सफर केस बदलण्याचा निर्णय दिला. वाढीव वॉरंटी चालू होती, पैसे पडले नाहीत, आणि म्हणून कारणही कोणी विचारले नाही. सव्वा वर्षाने पुन्हा तेच गचके. या वेळी कंपनीने ‘सदिच्छा’ म्हणून अर्धा भार उचलला, अर्धा पेढीने. आणखी दीड वर्षाने तिसऱ्यांदा अंदाजपत्रक आले, साडेपाच लाखांचे, आणि सदिच्छा संपली होती.

घरात तीन मते पडली. धाकट्या मुलाचे मत कंपनीला नोटीस पाठवावी असे. थोरल्याचे मत गाडी विकून मोकळे व्हावे असे. मार्केट यार्डातल्याच एका परिचिताची नजर तिच्यावर होती, गाडी थंड असताना आणि सरळ चालवताना गचका जाणवत नव्हता, आणि भावही बरा येत होता. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, तेवढ्यावर एकच प्रश्न विचारला, “बिलावर हे दुखणं लिहून देणार आहेस का?” थोरला गप्प राहिला. मग थोड्या वेळाने म्हणाला, “लिहिलं तर घेईल कोण?” विक्रीचा विषय तेथेच थांबला. ज्या बाजारात पोत्यातली हळद परखी घालून, सगळ्यांसमोर हातावर ओतून दाखवली जाते, त्याच बाजारातल्या माणसाच्या गळ्यात ही गाडी बांधणे आप्पांना मान्य होणे शक्य नव्हते. पण त्यामुळे साडेपाच लाखांचा प्रश्न सुटला नव्हता, हेही खरे.

तो सुटण्याची वाट दिवाणजींनी दाखवली. नोटीस पाठवायची तर कागद हवेत, म्हणून त्यांनी वाहन-खर्चाची खतावणी काढून पहिल्या दिवसापासूनची बिले तारीखवार लावली. यंत्राचे त्यांना काही कळत नव्हते. पण त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली: पेटीच्या प्रत्येक बिघाडाच्या सहा-आठ महिने आधी टायरचे एक बिल होते, आणि प्रत्येक बिल दोनच टायरचे होते. पावसाळ्यात खड्ड्यात आपटून पुढच्या टायरची बाजू फाटली, की पुढचे दोन नवे घालायचे आणि मागचे दोन अजून चालतील म्हणून ठेवायचे. काटकसरीची ही रीत घरातल्या सगळ्या जुन्या गाड्यांना आजवर मानवली होती. त्यातही दुसऱ्या खेपेला मूळ कंपनीचे टायर शिल्लक नव्हते म्हणून दुसऱ्याच कंपनीचे, मापाने तेच, घातले गेले होते. टायरवर छापलेले माप तेच असले तरी दोन कंपन्यांच्या टायरचा प्रत्यक्ष परिघ नेमका सारखा असेलच असे नाही. सर्व्हिस सेंटरच्या तिन्ही जॉब कार्डांवर टायरपुढे ‘ओके’ असा शेरा होता. नक्षी कायदेशीर मर्यादेपेक्षा खोल होती, या अर्थाने तो खोटाही नव्हता.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशाच पेट्या उघडणाऱ्या एका मेस्त्रीकडे गाडी नेली तेव्हा त्याने संगणक जोडण्याआधी खडू मागितला. चारही टायरमध्ये हवा सारखी केली, प्रत्येक टायरवर आणि त्याच्याखाली फरशीवर खुणेची रेघ मारली, गाडी सरळ ढकलत नेऊन चाकाची एक पूर्ण फेरी झाली तेथे दुसरी रेघ ओढली आणि टेपने अंतर मोजले. पुढच्या-मागच्या अंतरात तीन सेंटिमीटरच्या जवळपास फरक निघाला. मग पेटीचे तेल काढले. ते काळे होते आणि त्याला करपट वास होता. पेटी उघडल्यावर चकत्या जळलेल्या दिसल्या, साखळी मात्र वापरण्याजोगी होती. चकत्या, बेअरिंगे आणि सील बदलून, योग्य तेल घालून, चारही टायर एकाच कंपनीचे नवे बसवून झालेला एकूण खर्च अंदाजपत्रकाच्या निम्म्याहून कमी भरला, आणि त्यातलाही मोठा हिस्सा टायरचा होता. मेस्त्रीने पेटीची हमी वर्षाची दिली, तीही एका अटीवर, की यापुढे एक टायर फाटला तर चारही टायरची नक्षी मोजल्याशिवाय नवा घालायचा नाही. वीस हजार किलोमीटरनंतर तेल काढून पाहिले तेव्हा करपट वास नव्हता.

प्रत्येक वेळी दोष टायरचाच असतो असे या हकिकतीवरून धरून चालणे चुकीचे ठरेल. तेल हे दुसरे मोठे कारण आहे. अनेक उत्पादकांनी अशा पेट्यांतील तेल ‘आयुष्यभरासाठी’ भरलेले असल्याचे सांगितले आणि मालकांनी ते शब्दशः घेतले. आयुष्य कोणाचे, हा प्रश्न विचारायचा राहून गेला. लिटरभर तेल वर्षानुवर्षे चकत्यांच्या घर्षणात तापत राहते, त्यात झिजेची भुकटी मिसळते, त्याचे गुणधर्म बदलतात. मग मंद वेगात गाडी हलकेच पुढे नेताना थरथर जाणवते. अशा अवस्थेत, चकत्या अजून जळाल्या नसतील तर, केवळ तेल बदलूनही दुखणे थांबल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. तेल मात्र त्या पेटीसाठी नेमून दिलेलेच हवे. मेस्त्रीच्या डब्यातले साधे गिअर ऑइल ओतले तर चकत्यांची पकड बिघडते आणि नवाच थरकाप सुरू होतो. शिवाय पुष्कळ गाड्यांत संगणक जुन्या तेलाच्या झिजेचा हिशेब ठेवून त्यानुसार चकत्यांवरचा दाब बदलत असतो. तेल बदलल्यावर तो हिशेब शून्यावर आणावा लागतो. जुनी बाकी पुढे ओढून नवे खाते सुरू केले तर ताळेबंद जुळणार कसा! नवी पेटी बसवल्यानंतरही संगणकाला तिची ओळख करून द्यावी लागते. ‘नवी घातली तरी तीन महिन्यांत तसेच’ या तक्रारींपैकी काहींचे मूळ या विसरलेल्या पायरीत असते.

तिसरे कारण तर थोडक्यात आटपणारे आहे. चकत्या दाबणाऱ्या मोटरीत काही पिढ्यांच्या गाड्यांत प्लॅस्टिकचे दातेरी चक्र असते. त्याचे दाते झिजले की मोटर जागच्या जागी फिरते, समोरच्या फलकावर ब्रेक, एबीएस आणि स्थिरता-नियंत्रणाचे दिवे एकदम पेटतात आणि माणूस घाबरतो. वस्तुतः पेटी धडधाकट असते. हे चक्र वेगळे मिळते, कुशल हातांनी बदलता येते आणि त्याची किंमत पेटीच्या किमतीच्या शेजारी ठेवण्यासारखीही नसते. तरीही मोटरीसकट, कधी पेटीसकट बदली सुचवली जाते. सर्व्हिस सेंटरमध्ये भाग उघडून दुरुस्त करण्यापेक्षा तो बदलण्याची पद्धत रुजलेली आहे, हे त्यामागचे साधे कारण. तेव्हा तपासाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा: आधी टायर आणि हवा, मग तेल, मग मोटर आणि शेवटी पेटी. अंदाजपत्रक हाती देणाऱ्याला ‘पहिली पेटी कशामुळे गेली?’ हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तरही लेखी मागावे. काढलेली जुनी पेटी परत मागण्यात संकोच नसावा. वॉरंटीत बदललेला भाग कंपनी ठेवून घेते, पण स्वतःच्या पैशाने बदललेल्या भागाबाबत ही चौकशी अवश्य करावी.

सारे करूनही दोष बनावटीतलाच आहे असे दिसले, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 आहे. व्यापारी घराण्यांपुढे तेथे पहिलीच शंका उभी राहते ती अशी की गाडी पेढीच्या किंवा कंपनीच्या नावावर आहे, मग ती ‘व्यापारी प्रयोजनासाठी’ घेतलेली ठरून तक्रार फेटाळली जाईल का? जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीने आपल्या संचालकांच्या वापरासाठी घेतलेल्या आलिशान गाडीच्या प्रकरणात असे स्पष्ट केले, की केवळ कंपनीच्या नावावर खरेदी झाली एवढ्याने तिचे प्रयोजन व्यापारी ठरत नाही. गाडीचा वापर आणि नफा कमावण्याचा व्यवसाय यांचा थेट संबंध आहे की नाही हे पाहावे लागते. हा मोठाच दिलासा आहे. दुसऱ्या बाजूला, 2006 सालच्या एका निकालात त्याच न्यायालयाने वॉरंटीची अट सदोष भाग बदलून देण्याची असेल तर सबंध वाहन बदलून देण्याचा आदेश समर्थनीय नाही अशी भूमिका घेतली होती. म्हणून ‘नवी गाडीच द्या’ या हट्टाने कज्जा लढवणाऱ्याने आपली बाजू किती भक्कम आहे हे आधी वकिलाकडून तोलून घ्यावे.

तक्रारीची मुदत कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ म्हणण्यात ती सहज सरते. गाडीसाठी मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे 2 कोटींपर्यंत राज्य आयोग अशी विभागणी डिसेंबर 2021 पासून आहे. बनावटीतला दोष आहे हे दाखवण्याचा भार मुख्यतः तक्रारदारावर येतो आणि तो तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय पेलत नाही. वर सांगितलेल्या सांगलीच्या प्रकरणात नोटीस गेली असती, तर समोरच्या वकिलाने पहिल्याच तारखेला टायरची बिले मागितली असती. प्रत्येक खेपेचे जॉब कार्ड, त्यावरचा किलोमीटरचा आकडा, आपली तक्रार आपल्याच शब्दांत लिहून घेतल्याची नोंद आणि बदललेल्या भागाचा क्रमांक, एवढे कागद ज्याच्या फायलीत आहेत त्याच्याशी सर्व्हिस सेंटरचा व्यवस्थापकही वेगळ्या सुरात बोलतो. जाता जाता, अशा प्रवासी गाडीच्या दुरुस्तीवर भरलेल्या जीएसटीची वजावट सर्वसाधारणपणे मिळत नाही. पेढीच्या नावावर बिल आहे म्हणून ती गृहीत धरणाऱ्यांनी आपल्या कर-सल्लागाराला विचारून घ्यावे.

जुन्या बाजारातून आलिशान गाडी घेणाऱ्यांची संख्याही आता मोठी आहे. मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्शात मिळणाऱ्या गाडीचे सुटे भाग मात्र पूर्ण किमतीचेच असतात, हे व्यवहार ठरवताना नेमके विसरले जाते. अशी गाडी मोकळ्या पटांगणात, गरम झाल्यावर, स्टिअरिंग पूर्ण वळवून मंद गतीने गोल फिरवून पाहावी, दोन्ही बाजूंना. अडखळली किंवा खालून टकटक आली तर थांबावे. चारही टायर एकाच कंपनीचे आहेत का हे पाहावे आणि टायरच्या बाजूवरील चार आकडी तारीख वाचावी: 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. पुढच्या आणि मागच्या टायरच्या तारखांत दोन-तीन वर्षांचे अंतर असेल तर त्यावरून पेटी गेलेली आहे असे सिद्ध होत नाही, पण तिचे तेल काढून पाहण्याचा आग्रह धरायला ते पुरेसे कारण आहे.

फॉर्च्युनरसारख्या ज्या गाड्यांत चार चाकांची शक्ती चालकाने बटण फिरवून जोडायची असते, त्यांची गोष्ट निराळी. सध्याच्या भारतीय फॉर्च्युनरमध्ये ती जोडली की पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. चिखलात, वाळूत ते ठीक, कारण तेथे चाके थोडी घसरून ताण सोडतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताण सुटायला जागाच नसते. घाटात ‘पकड चांगली राहते’ म्हणून ती जोडून ठेवणारे चालक आहेत, त्यांना हे घरातूनच सांगायला हवे.

आणखी एक हानी मालकाच्या नजरेआड होते. नो पार्किंगमधून गाडी उचलणारी टोइंगची गाडी दोन चाके वर घेते आणि उरलेली दोन रस्त्यावरून फरफटत नेते. बंद पडलेली गाडी दोरी बांधून गॅरेजपर्यंत ओढत नेण्याची सवयही गावोगाव आहे. इंजिन बंद असताना दोनच चाके फिरली, की पेटीतले अर्धे भाग फिरतात, अर्धे थांबतात, आणि तेल पोहोचेलच याची खात्री नसते. अशी गाडी सपाट ट्रकवर चारही चाके उचलूनच न्यावी असे बहुतेक उत्पादकांच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ती पुस्तिका बहुधा प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून असते. विम्याच्या रस्त्यावरील मदतीत सपाट ट्रक समाविष्ट आहे की नाही, हे नूतनीकरणाच्या वेळी एका फोनवर विचारता येते. पावसाळ्यात चाकांच्या आसापर्यंत पाण्यातून गाडी काढावी लागली, तर पाणी उतरल्यावर पहिल्या आठवड्यात पेटीचे तेल तपासून घ्यावे. त्यात पाणी गेले असेल तर ते दुधाळ दिसते आणि त्या वेळी तेल बदलण्याचा खर्च काही हजारांतच भागतो.